दहातले दोन शब्द

घड्याळ दुरुस्त करणाऱ्याने घाई करू नये, असं भिंगकाका अख्ख्या बाजाराला सांगत फिरायचे, आणि घाई केली ती त्यांनीच. सोमवारी सकाळी ताईच्या बोलायच्या पाटीची बॅटरी बदलत होते. दुकानातून कुणीतरी हाक मारली, काका "आलो, आलो" म्हणत वळले आणि बॅटरी उलटी टेकली. जेमतेम क्षणभर. पण आतल्या आयसीला, म्हणजे दिवे चालवणाऱ्या चिपला, तेवढंही पुष्कळ होतं. दहाच्या दहा दिवे विझले ते विझलेच.

पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत ताई. ताई म्हणजे काकांची थोरली बहीण. आई गेल्यावर हिनेच त्यांना लहानाचं मोठं केलं, आणि त्यापायी तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. टेलिफोन एक्सचेंजमध्ये तीस वर्षं बोलण्याचीच नोकरी केली बाईने. दीड वर्षापूर्वी मेंदूला झटका आला आणि हातपायांबरोबर वाचाही गेली. उरलं उजव्या हाताचं एक बोट, आणि डोकं मात्र टक्क जागं. आता याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा!

काकांना इलेक्ट्रॉनिक्सचा जुना नाद. लोक पत्ते कुटतात, हे सर्किटं जोडत बसायचे. त्या नादातून त्यांनी ताईसाठी पाटी केली. दहा दिवे, प्रत्येकाखाली एक शब्द: ये, पाणी, भूक, कूस, बाथरूम, उकडतंय, थंडी, दुखतंय, हो, नाही. दिवे एकामागून एक पेटत जायचे. हवा तो पेटला की ताईने बोटाखालचं बटण दाबायचं. दिवा तिथेच थांबायचा आणि पुढे दुकानात घंटी वाजायची. हे दहा मोजायचं काम एका सोळा पायांच्या आयसीचं. तीच गेली, म्हणजे ताईची वाचा दुसऱ्यांदा गेली, आणि या वेळी ती घालवणारा सख्खा भाऊ होता.

दुकान उघडं टाकून काका सुट्या भागांच्या दुकानात धावले. तिथल्या बाईने खोके उपसले.

"काका, ही चाळीस-सतरा हल्ली कोण मागतंय? मागवावी लागेल. पंधरा दिवस लागतील."

"पंधरा दिवस? अहो, माझी बहीण मुकी पडलीय घरात!"

बाईने पुन्हा शोधलं. "हे बघा, हिच्यावर चाळीस-सतराच आहे, पण पुढे चौऱ्याहत्तर आणि दोन अक्षरं जास्त आहेत. एकच शिल्लक आहे. बघा, चालते का."

घड्याळाच्या धंद्यात नंबर म्हणजे नंबर. मशीनचा नंबर जुळला की चक्र कुणीही बनवलेलं असो, बसणारच. चाळीस वर्षं काकांनी याच भरवशावर हात चालवला होता. पायांची मांडणी तीच, आकडा तोच, मग पुढच्या दोन अक्षरांना कोण विचारतो! मंगळवारी त्यांनी आयसी बसवली, ताईसमोर पाटी धरली आणि "बोल आता, किती शिव्या घालायच्यात त्या घाल" म्हणून बटण लावलं. पहिला दिवा लखकन पेटला. मग करपट वास आला, धूर निघाला, संपलं. त्या दोन अक्षरांचा अर्थ एवढाच होता की ही आयसी सहा व्होल्टच्या वर टिकत नाही, आणि पाटीची बॅटरी होती नऊची. छापील माहिती काकांनी नंतर वाचली. वाचून स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली, खरोखरची. ताई बघत होती.

बुधवारी सकाळी तिला पुसताना कमरेवर लालभडक चट्टा दिसला. रात्रभर एकाच कुशीवर होती बिचारी, सांगणार कशी? पाटी नसली की काकांनी उशाशी बसून हजेरी घेतल्यासारखे शब्द वाचायचे आणि तिने त्यांच्या तळहातावर बोट दाबायचं. म्हणजे काका समोर असतील तेव्हाच ती बोलणार. दुकानात गेले, डोळा लागला, की हिचं तोंड बंद. चट्ट्याला मलम लावताना काकांना हुंदका आवरेना. "मी गाढव आहे गं, ताई," एवढंच ते म्हणत राहिले.

पुन्हा तेच दुकान. या वेळी बाईने आधीच छापील कागद पुढे ठेवला.

"ही चाळीस-बावीस. पंधरा व्होल्टपर्यंत सोसते, नऊवर खुशाल चालवा. पाय वेगळे आहेत, तारा बदलाव्या लागतील."

"बदलतो. द्या."

"पण काका, ही आठच मोजते."

काकांनी कागद ओढून घेतला. "आठच?"

"आठच. आणि दुसरी नाही."

घरी येऊन काका ताईच्या उशाशी बसले. दोन शब्द काढायचे होते. स्वतः ठरवायची त्यांची छाती होईना. "उकडतंय आणि थंडी काढू का?" त्यांनी विचारलं. "मी आपला अधूनमधून विचारत जाईन." बोट हललं नाही. मग त्यांनी तळहात तिच्या बोटाखाली ठेवला. "बरं, तूच सांग. जो नको असेल त्याला दाब." आणि एकेक शब्द सावकाश वाचायला लागले.

"ये."

बोट दाबलं गेलं.

काकांना वाटलं, चुकून झालं. पुढे वाचत गेले. पाणी, भूक, कूस, सगळे गेले. "दुखतंय" म्हणताच बोट पुन्हा रुतलं.

"काहीतरीच काय! अगं, हेच काढलं तर मला कळायचं कसं?" त्यांनी उलटीकडून वाचलं. तेच दोन. आवाज चढवून वाचलं, हात जोडून वाचलं. तेच दोन. तिची नजर त्यांच्या डोळ्यांखालच्या, जागरणाने आलेल्या काळ्या वर्तुळांवरून हलत नव्हती. हट्टाला पेटली की ती लहानपणीही कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. काकांनी दात-ओठ खात दोन कागदी पट्ट्या सोलून काढल्या आणि तारा जोडायला घेतल्या. या वेळी एकेक पाय कागदाशी दोनदा ताडून मगच सोल्डर केला.

गुरुवारी दुपारी पाटी सुरू झाली. आठ दिवे, एकामागून एक. काका दुकानात जाऊन बसले, पण भिंग लावूनही समोरचं घड्याळ दिसेना. तासाभराने घंटी वाजली. धावत आत गेले. पाणी. पेला आणि चमचा घेऊन आले, चमचा ओठांशी नेला. ताईने तोंड उघडलं नाही. पुन्हा नेला. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं. कपाळावर घाम होता आणि ती एकटक त्यांच्याकडे बघत होती.

"पाणी नकोय ना तुला? 'ये' नाही म्हणून हे दाबलंस ना? दुखतंय का? खरं सांग."

त्यांनी पाटी तिच्या डोळ्यांसमोर धरली. हो पेटला, गेला. नाही पेटला, गेला. बोट बटणावरच होतं, दाबलं जात नव्हतं. पुन्हा एक फेरा झाला, आणखी एक झाला. पुढे दुकानात गिऱ्हाईक हाका मारत होतं.

काकांनी पेला खाली ठेवला आणि तिचं बोट मुठीत धरलं.

"ताई, नाही म्हण गं. निदान खोटं तरी बोल."