न मळलेला ब्रेड आणि नागपूरच्या सासूबाई

२००६च्या ऑक्टोबरात आम्ही अमेरिकेतल्या एडिसनहून कॅट्सकिलच्या डोंगरात गेलो, ते पानगळीचे रंग बघायला, असं नवरा सगळ्यांना सांगतो. खरं कारण मी सांगते. नागपूरहून आलेल्या सासूबाई चार महिने माझ्या पोळ्यांना नावं ठेवत होत्या. "नीट मळत नाहीस!" लग्नाच्या सहा वर्षांत कौतुकाचा एक शब्द नाही हो! दोन दिवस तरी कणकेपासून सुटका, म्हणून मीच फार्महाउस बुक केलं.

जाणार असाल तर नकाशाचे प्रिंटआउट घ्या. आम्ही थ्रूवेचा मोठा हमरस्ता सोडल्यावर एकाच गोठ्याला दोनदा प्रदक्षिणा घातली. डबाही घ्या, वाटेत शाकाहाऱ्यांच्या नशिबी नुसते फ्राइज.

पोचतो तोच मालकीणबाई नोरा म्हणाल्या, "चला, ब्रेड करू!" खोलीच्या भाड्यातच ब्रेडचा क्लास होता. मेले मी!

नोरा ऐंशीच्या. लहानपणी आयर्लंडच्या खेड्यात त्यांची आई रोज हा ब्रेड करायची. पीठ, मीठ, खायचा सोडा आणि ताक. गोळा लोखंडी भांड्यात, भांडं विस्तवावर, झाकणावर निखारे.

सासूबाई खुलल्या. "हे तं आपले रोडगेच होय!" विदर्भात गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे गोळे भाजतात, ते रोडगे.

"मळायचं नाही. पीठ एकत्र झालं की सोडून द्यायचं," नोरांनी बजावलं. मी मराठीत सांगितलं.

"न मळता कुठं काही होते का? आळशी बायकांची थेरं!" म्हणत सासूबाईंनी पंधरा मिनिटं मळलं, तेलाचा हात लावून झाकूनही ठेवलं, मग भांड्यात घातलं. मी आपला चिकट गोळा तसाच भांड्यात ढकलला. नोरांनी त्यावर सुरीनं फुली मारली, आतल्या पऱ्यांना बाहेर पडायला वाट, अशी त्यांच्या गावची समजूत.

पाऊण तासानं झाकणं निघाली. माझा ब्रेड फुगून मस्त उकलला होता. सासूबाईंचा टेबलावर ठेवला, तर ठक्क!

"आई, करवत आणू का?" नवरा म्हणाला.

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या, खोटं कशाला बोलू? पण सासूबाईंचा चेहरा साफ उतरला. माझ्या ब्रेडचा तुकडा लोणी लावून मी त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो खाल्ला आणि ताटली पुन्हा पुढे केली.

नोरा म्हणाल्या, "सुनेचा हात थेट माझ्या आईचा आहे."

"काय म्हणते ती?"

"काही नाही, आई. चहा घेणार का विचारतायत."

रविवारी एडिसनच्या घरी मी भांडी घासत होते. सासूबाई नागपूरला बहिणीशी फोनवर बोलत होत्या. "माझा तं दगड झाला बाई. सुनेनं केला, तो मी दोनदा मागून खाल्ला."

पुढे पोळ्यांबद्दलही काहीतरी म्हणाल्या. पण तोवर मी नळ मोठा सोडला होता, माझं रडणं त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.