चार वर्षांचा दाखला

कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या काकूंना समोरच्याच्या हातातला कागद बघून त्याची अवस्था कळायची. प्रवेशाचा अर्ज घेऊन येणारी मुलं बापासोबत येत आणि प्रतीवर बारीकसा डाग पडला तरी हुज्जत घालत. चार-पाच वर्षांनी तीच मुलं एकटी येत, बायोडेटाच्या चाळीस प्रती मागत आणि कागद हलका चालेल म्हणत. काकू हे वर्षानुवर्षं बघत होत्या. तरी स्वतःच्या पोराची वेळ आली तेव्हा त्यांनी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं.

नवऱ्यामागे एक झेरॉक्स मशीन, एक जुना संगणक आणि दोन माणसं दाटीवाटीनं उभी राहतील एवढं दुकान उरलं होतं. थोरल्याला घरात साहेब म्हणत, कारण लहानपणापासून त्याला शर्टाची इस्त्री मोडलेली खपत नसे. हा साहेब इंजिनीअर होणार हे ठरलेलंच होतं. काकूंनी एका बिघडलेल्या प्रतीच्या पाठीवर गणित मांडलं: एका बाजूला चार वर्षांच्या फीचं कर्ज, दुसऱ्या बाजूला कॉलेजच्या माहितीपत्रकातला सरासरी पगार. कर्ज तीन वर्षांत फिटत होतं. बेरीज-वजाबाकी बिनचूक होती. पण तो पगार नक्की कोणाला मिळतो, हे त्या माहितीपत्रकाच्या हजारो प्रती काढूनही काकूंनी कधी कोणाला विचारलं नव्हतं. जामीनदाराच्या रकान्यात त्यांनी ऐटीत सही ठोकली.

पुढची चार वर्षं कोणी "साहेब दुकानात दिसत नाही तो?" म्हणालं, की काकू सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगायच्या, "त्याला अभ्यास असतो हो! दुकानाची पायरी चढू देत नाही मी त्याला."

नोकरी लागली, पण पगार माहितीपत्रकातल्या आकड्याच्या निम्माही नव्हता. आठ महिन्यांत कंपनीने माणसं कमी केली. त्यानंतर वर्षभर साहेब घरी होता आणि हप्ता दुकानाच्या गल्ल्यातून जात होता. अजून नऊ वर्षांचे हप्ते बाकी होते.

त्यात धाकटी बारावी झाली, भावापेक्षाही जास्त मार्कांनी. तिच्या कर्जाचा अर्ज दुकानाच्या खणात आठवडाभर पडून होता. जामीनदाराची सही तेवढी राहिली होती आणि मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. ती रोज विचारायची, "आई, सही?" काकू म्हणायच्या, "बघू." नाही म्हणायला त्यांची जीभ रेटत नव्हती आणि हो म्हणायची छाती होत नव्हती.

त्या दुपारी धाकटी काउंटरवर कागद लावत असताना साहेब पायरी चढून आत आला.

"आई, माझा बायोडेटा उघड. पदवीची ओळ काढून टाक."

"का रे बाबा?"

"गोदामात माणसं घेतायत. त्यांना बारावीवालेच हवेत. पदवीवाला महिन्याभरात पळतो म्हणे. मागच्या खेपेला पदवी बघूनच अर्ज परत केला त्यांनी."

काकूंनी संगणकावर बायोडेटा उघडला. एक बटण दाबून धरलं तशी ओळ शेवटाकडून पुसली गेली.

"मधली चार वर्षं कुठे होतास विचारतील," काकू म्हणाल्या.

साहेबाने पडद्यावरच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "तुझ्या दुकानात होतो असं लिही. अनुभवाचा दाखला दे."

आणि काकूंनी तो दिला. सदर इसमाने आमच्या दुकानात सलग चार वर्षे मदतनीस म्हणून काम केले, वर्तणूक चांगली. खाली दुकानाचा शिक्का, आणि जामिनाच्या कागदावर केली होती तीच सही.

धाकटीने सगळं पाहिलं होतं. तिने खणातून आपला अर्ज काढला.

"थांब गं," काकू घाईने म्हणाल्या. "तुझं वेगळं होईल. तू हुशार आहेस."

"दादा काय ढ होता का, आई?" मग ती भावाकडे वळली. "मुली घेतात का रे तिथे?"

"पॅकिंगला घेतात."

"मग आई, माझा पण बायोडेटा काढ."

काकूंनी तिला थांबवायला हवं होतं. त्यांनी मशीनमध्ये कागद भरला. धाकटीचा बिनसहीचा अर्ज पाठकोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात गेला, मागे हिशेब मांडायला.

गोदामाने दोघांनाही घेतलं. महिनाअखेरीला दोघांच्या हातात सारखाच पगार पडला. धाकटीचा सगळा घरात आला, साहेबाचा निम्म्याहून जास्त हप्त्यात गेला.

"बघ आई, तू सही केली नाहीस तेच बरं झालं," पैसे आईच्या हातात ठेवत धाकटी म्हणाली. ती टोमणा मारत नव्हती, मनापासून बोलत होती. काकूंना तेच सोसेना.