तळपायाची तीट
कपाट आवरताना आज एक छोटा पिवळा मोजा हाती लागला, आतून काजळानं माखलेला, आणि अमरावतीच्या मॉलमधला तो रविवार पुन्हा अंगावर आला. मूर्तिजापूरहून मी अडीच वर्षांच्या लेकीला तिथल्या प्ले झोनमध्ये घेऊन गेले होते. निघताना सासूबाईंनी तिच्या गालाला तीट लावली होती. फोटो खराब होतील म्हणून मी ती रस्त्यातच पुसून टाकली. आत सगळ्या पोरांच्या पायांत तेच पिवळे मोजे होते. फोन घ्यायला मी वळले, तेवढ्यात लेक दिसेनाशी झाली. बाहेरचं दार सताड उघडं, पुढ्यात सरकता जिना. घाबरली की ती मुकी होते, हाकेला ओसुद्धा देत नाही. "असंन वरतंच, घाबरू नोका," काउंटरवरची बाई म्हणाली. पोरं वर चढून खेळत होती त्या जाळीखाली मी रांगत शिरले, तर डोक्यावर नुसते पिवळे तळवे, सगळे सारखे. मग आठवलं, सासूबाई तळपायालाही तीट लावतात. "मोजे काढा रे सारे!" मी किंचाळले. वरून कुणीतरी विचारलं, "काहून?" "काढा ना बाप्पा!" मोजे भराभर निघाले. एका लहानीचे निघेनात, ते शेजारच्या एका मोठ्या पोरीनं ओढून काढले, आणि जाळीला चिकटलेल्या त्या तळव्यावर काळा ठिपका दिसला. जाळीतून बोटं घालून मी तो पाय घट्ट धरून ठेवला. घरी सासूबाईंनी विचारलं, "गालावरची तीट कुठी गेली वं?" "घामानं पुसली," मी म्हणाले. खरं अजूनही त्यांना सांगितलेलं नाही. हा मोजा मात्र कधी धुवायला टाकला नाही.