बायकोनं डोळा मारला तो रविवार

माझ्या बायकोची डाव्या डोळ्याची पापणी खाली आली आणि मला वाटलं, ती मला डोळा मारतेय.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी उलट डोळा मारला.

यात थोडा दोष कलपाचा. गिरणी बंद पडल्यावर मी सायझिंग खात्यातून थेट हिंदमाताच्या एका साड्यांच्या दुकानात गादीवर येऊन बसलो होतो, त्यालाही बरीच वर्षं झाली होती. शेठ एकदा म्हणाला, "काका, पिकल्या मिशीवर शालू खपत नाय." म्हणून त्या रविवारी सकाळी जन्मात पहिल्यांदा केसांना आणि मिशीला कलप फासला. तासाभरानं स्टोव्हपाशी बसलेल्या बायकोनं वर बघितलं, आणि डावी पापणी खाली. पन्नाशीला टेकलेल्या बाईनं, भोईवाड्यातल्या दहा बाय बाराच्या खोलीत, भरदिवसा! मी तिला डोळा मारला, शीळ घातली आणि सोमवारी दुकानातून जांभळी साडी घेऊन आलो.

"सण कसला?" तिनं विचारलं.

"असंच."

"माझं डोकं ठणकतंय, आणि ह्यांना असंच सुचतंय. डोळ्याच्या पाठी कोणतरी सुया टोचतंय ओ. पापणी बोटानं वर केली तर सगळं दोन-दोन दिसतं. तुमीपण दोन."

इथे तरी माणसानं उठायला हवं होतं. पण मी त्या काळात बायकांच्या विषयातला तज्ज्ञ होतो. साड्यांच्या गादीवर दिवसभर पन्नाशीच्या बाया बसतात. साडी उलगडेपर्यंत त्यांचं आपापसात चालतं: अंगातून वाफा येतात, झोप लागत नाही, डोकं उठतं, पाळी जायचे दिवस हे असेच. मी ऐकत होतो. घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बायको दर महिन्याला पेन्सिलीनं एका तारखेभोवती गोल करायची. गणपतीनंतर गोल दिसला नव्हता, तेव्हापासून तिच्या प्रत्येक तक्रारीचं उत्तर माझ्याकडे तयार असायचं. चिडली? पाळी. घाम आला? पाळी. आमटी खारट झाली तरी पाळी.

"वयाचं आहे," मी म्हणालो. "आणि दोन दिसतात तो चष्म्याचा नंबर." आणि वर कोकम सरबत करून दिलं. साखर विसरलो.

बुधवारी आमची कोळीण आली. गिरण्यांच्या संपाच्या काळात बायको खानावळ चालवून घर ओढत होती तेव्हापासून मासळी हिच्याकडूनच. तिनं दारात पाटी उतरवली, बायकोकडे बघितलं आणि बंगडा हातातच राहिला.

"आगं बाय, डोल्याला काय झाला?"

मी गमतीनं म्हणालो, "काय नाय गो, रविवारपासून मला डोळा मारतेय."

"मेल्या!" ती एवढ्यानं ओरडली की शेजारच्या तीन दारांतून डोकी बाहेर आली. "माजी बहीन अशीच गेली. आदी पापनी परली, मंग ती! ऊठ, टॅक्सी बोलव!"

ताज्या मासळीची भरलेली पाटी चाळीच्या मांजरांच्या हवाली करून कोळीण निघते, तेव्हा प्रकरण काय आहे ते गाढवालाही कळतं. मलाही कळलं. टॅक्सीत बायको मध्ये, दोन्ही बाजूंना आम्ही. बायको माझी बाही धरून होती. आणि माझ्या मनात एकच चाललं होतं: डोळा मारला होता मी हिला.

परळच्या इस्पितळात एका तरुण डॉक्टरबाईंनी तिच्या डोळ्यात टॉर्च मारला आणि त्यांचा चेहरा बदलला. मग त्या माझ्याकडे वळल्या. "मावशींची पाळी कधी बंद झाली?"

"आठ महिने झाले. गणपतीच्या आधी शेवटचा गोल," मी ताडकन सांगितलं.

"वा! नवऱ्यांना हे माहीत नसतं." मी जरा फुगलो. "आणि पापणी कधी पडली?"

"रविवारी."

"आज वार कुठला?"

मी चपलेकडे बघत सांगितलं.

नसेतून औषध सोडून फोटो काढले. मेंदूच्या एका रक्तवाहिनीला वाटाण्याएवढा फुगा आला होता आणि तो पापणी उचलणारी नस दाबत होता. फुटला तर बाई हाताला लागायची नाही. फुटायच्या आत कवटी उघडून त्याच्या मानेला चिमटा लावायचा, असं ठरलं.

"पण हिलाच का?" मी विचारलं.

"कारणं बरीच असतात. घराण्यात असतं, ब्लडप्रेशर असतं, तंबाखू असते. मिश्री लावता मावशी? आजपासून बंद. आणि एक बाईपणाचंही आहे. इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन अंगात असतं तोवर ते रक्तवाहिनीच्या भिंतीला सांभाळतं, लवचीक ठेवतं. पाळी जाताना ते ओसरतं. मग एखादी नाजूक जागा असली तर तिथे भिंत फुगू शकते. म्हणून हे फुगे पुरुषांपेक्षा बायकांत जास्त सापडतात, त्यातही मावशींच्या वयानंतर."

मला राहवलं नाही. "म्हणजे मी म्हणत होतो ते बरोबरच! पाळीचंच!"

डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "बरोबर. म्हणूनच रविवारी आणायला हवं होतं. तुम्ही कारण सांगून झोपलात."

कोळणीनं मान डोलावली. जाम खूश दिसली.

माझं डोकं मात्र चालू होतं. सायझिंग खात्यात आम्ही जन्मभर ताण्याच्या उभ्या सुताला पिठाची खळ लावली. खळ आहे तोवर सूत मागावरचे हजार धक्के खातं. खळ झडली की सूत तेच, माग तोच, पण जिथे बारीक असेल तिथे पिंजतं. हे मी डॉक्टरबाईंना सांगितलं आणि वर विचारलं, "मग ती खळ बाहेरून लावा ना."

त्या पहिल्यांदा हसल्या. "इतकं सोपं असतं तर! गोळी देऊन फुगा जात नाही, आणि त्या गोळ्यांचे धोके वेगळे. आम्हांलाही यातलं सगळं कळलेलं नाही. पण काका, तुमची खळ मी वापरणार हं."

ऑपरेशनच्या दिवशी मी आणि कोळीण बाकावर बसून होतो. माझ्या मिशीचा कलप घामानं ओघळून हनुवटीपर्यंत आला होता. तिनं पदरानं तो पुसला आणि म्हणाली, "रडू नको. काला दिसतोस." संध्याकाळी डॉक्टरबाई टोपी काढत बाहेर आल्या. फुगा फुटला नव्हता. चिमटा बसला होता, पक्का. मी तिथेच खाली बसलो आणि वॉर्डबॉयच्या पायांना मिठी मारली, कारण तेच जवळ होते.

बायको घरी आली तेव्हा डोक्याला रुमाल, अंगावर जांभळी साडी, आणि चाळीच्या तिन्ही मजल्यांवर बाया उभ्या. कोणीतरी ताशा आणला. एका गिरणीची चिमणी पाडली तेव्हाही एवढी माणसं कठड्याला नव्हती. मिश्रीची डबी तिनं स्वतः गटारात रिकामी केली. पापणी मात्र लगेच उठली नाही. मी रोज सकाळी बघायचो. आज तांदळाएवढी फट, उद्या मुगाएवढी. दुकानात साडी उलगडता उलगडता बायांना सांगायचो, बाई गं, डोकं ठणकून पापणी पडली तर कोकम पिऊ नकोस, इस्पितळ गाठ. शेठ वैतागला. पण दोन बाया त्या आठवड्यात ब्लडप्रेशर मोजून आल्या, तिसरीनं मिश्री सोडली, आणि शालूही खपले.

पुढचे गणपती यायच्या आधी शेवटची तपासणी झाली. दोन्ही डोळे टक्क उघडे, सारखे. डॉक्टरबाईंनी मला तिच्यासमोर उभं केलं. मी ताजा कलप लावून गेलो होतो.

"मावशी, हे किती दिसतात?"

बायकोनं मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं.

"एक," ती म्हणाली. "देव पावला ओ, डॉक्टरबाई. ह्या एकाला पोसता पोसता अख्खा संप काढला मी. दोन दिसायला लागले, तेव्हा खरी घाबरले."