रिकाम्या बाटल्यांचा पुरावा

शालनला माणसाच्या चेहऱ्याआधी त्याचा गुडघा आठवायचा. टाकव्याच्या आसपासची एकशे बारा माणसं तिच्या यादीत होती, सगळी गुडघेदुखीची. गेले सहा महिने दर पंधरवड्याला ती त्यांच्या उंबऱ्यावर जाऊन बसत होती. माहेर सुदुंबऱ्याचं, सासर टाकव्याचं, नवरा कुसगावच्या एका हॉटेलवर वॉचमन, बिऱ्हाड तिथंच. लोणावळ्यात नऊ वर्षं तिनं उभ्यानं चिक्कीची पाकिटं भरली होती. टाचा तिथंच गेल्या. हे काम मिळालं तेव्हा वाटलं, आता बसून लिहायचं. बसायचं होतंच, पण दोन घरांच्या मधे चालायचंही होतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

लोणावळ्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात डॉक्टर यशोधरांनी हा अभ्यास काढला होता. निम्म्यांना नेहमीची गोळी, निम्म्यांना गोळी आणि वर निर्गुडीचं तेल, ते चोळायची रीत दवाखान्यातल्याच मालिशच्या खोलीतल्या वैद्यांनी शिकवलेली. कोण कशात, ते बंद पाकिटातून निघालं. गावानं लगेच नावं ठेवली, तेलवाले आणि गोळीवाले.

शालननं विचारायचं, शून्य ते दहात दुखणं किती? पहिल्या दिवशी एक म्हातारी म्हणाली, "धाच्या वर न्हाई का?" तेव्हापासून शालननं आपली मोजपट्टी केली. "शून्य म्हंजी नातवाच्या हळदीत नाचाल. धा म्हंजी परड्यात जायला बी उठवणार न्हाई. आता सांगा." मग आकडे नीट येऊ लागले. तेलवाल्यांकडून रिकामी बाटली घ्यायची, भरलेली द्यायची, आणि फॉर्मात 'पूर्ण वापर' या चौकोनात खूण करायची. बाटल्या सगळ्या रिकाम्या येत. डॉक्टर खूश होत्या.

शेवटची फेरी चालू असताना त्यांचा फोन आला. आवाज उतरलेला.

"शालनताई, दोन्ही गटांना सारखाच उतार दिसतोय. सोमवारी ट्रस्टची बैठक आहे. तेलाचा वेगळा फायदा नाही असंच सांगावं लागेल. मालिशची खोली बंद करतील बहुतेक."

शालन "बरं" म्हणाली. त्या खोलीबाहेर सकाळी आठपासून बसणाऱ्या बायका तिला माहीत होत्या. पण आकडे तिनंच भरले होते. तिनंच गोळा केलेल्या आकड्यांशी भांडायचं कसं?

त्याच दुपारी ती शकुबाईकडं गेली. शकुबाई गोळीवाली. भिंतीला भिंत लावून तिची जाऊ धोंडाबाई, ती तेलवाली. पाकिटांनी जावाजावांना दोन गटांत टाकलं होतं.

"मावशी, पयल्यांदा आठ सांगितलंतं. आता?"

"तीन. लय गुण आला बघ."

शालननं तीन लिहिलं आणि पाणी प्यायला फुलपात्र उचललं. त्याला निर्गुडीचा वास होता. तिनं फुलपात्र खाली ठेवलं, शकुबाईच्या हाताकडं बघितलं, मग गोधडीकडं. गोधडीवर गुडघ्याएवढे दोन पिवळे डाग.

"मावशी, तेल कुटून आलं?"

"कंचं तेल?"

"ह्ये."

शकुबाईनं पदर डागावर ओढला. तेवढ्यात दारातून धोंडाबाईच आली, हातात परात.

"अगं तिला काय दरडावतीस? म्या लावते. दुपारची भांडी झाली की आदी तिचं, मंग माजं. एकटीनं पाय पसरून तेल चोळत बसायचं, आन् जावंनं भिंतीपल्याड कन्हत बसायचं? त्वांड दाखवाया जागा ऱ्हाईल का?"

"पर मी सांगितलं व्हतं ना, दुसऱ्या कुणाला देयाचं न्हाई."

"सांगितलं व्हतंस. आमी व्हय म्हनलं. उन्हाचं चालत आलीयास, तुला न्हाई कसं म्हनायचं?"

"निम्मं तेल जातंय, त्ये तरी सांगायचं."

"तू बाटली रिकामी मागतीस. रिकामी दिली. कुणाच्या गुडघ्याला लावली त्ये कवा इचारलंस?" धोंडाबाईनं परात ठेवली. "आन् ऐक, बांधावरनं आमी दोन वर्सं बोलत नव्हतो. तुज्या तेलानं बोलाय लावलं. त्येचा बी आकडा घाल कुटंतरी."

शकुबाई हसली. शालनला हसू आलं नाही. फॉर्मात तसा चौकोन नव्हता.

ती बाहेर येऊन पारावर बसली. टमटम समोरून गेली, तिनं हात केला नाही. गोळीवाले बरे होत होते ते गोळीनं की शेजारणीच्या तेलानं, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. बोललं, तर सहा महिने पाण्यात, वर 'तुम्हाला कळलं कसं नाही' हा सवाल. नाही बोललं, तर सोमवारी खोलीला कुलूप, आणि ते तिच्या हातच्या खुणांवर. टाचा चोळत ती उठली. त्या दिवशी उरलेल्या नऊ घरांत तिनं एकच जादा प्रश्न विचारला. सात घरांत तेल वाटलं गेलं होतं. जावेला, विहिणीला, समोरच्या मुलाणींच्या खुर्शीदाला. त्यातल्या चार जणी यादीतल्या गोळीवाल्या.

सोमवारी बैठकीआधी तिनं डॉक्टरांना सगळं सांगितलं. यशोधराबाईंनी चष्मा काढला आणि डोळे दाबून धरले.

"हे तुम्ही आता सांगताय, शालनताई?"

"आत्ताच कळलं, मॅडम. इतके दिवस मीच विचारलं नाही."

"प्रश्न मी लिहिले होते." त्यांनी चष्मा परत चढवला. "म्हणजे तेलानं गुण येतो हेही सिद्ध नाही, आणि येत नाही हेही नाही. बैठकीत तसंच सांगते. किती ओरडतील ते ओरडोत. पण कुणी कुणाला लावलं, ते सगळ्यांना परत विचारावं लागेल. एकशे बारा घरं. जाल?"

शालनच्या टाचा 'नाही' म्हणत होत्या.

"खोली तवर उघडी ऱ्हाईल?" घाईत तिच्या तोंडून गावचंच निघालं.

"तेवढं मी मागून घेईन. मिळेलच असं नाही."

"मग जाते."

दुसऱ्या दिवशी सकाळी कान्हे फाट्यावर उतरून, टमटमनं टाकवं गाठून ती पुन्हा चालू लागली. पहिलं घर केरबा आबांचं. आबा तेलवाले, सत्तरीचे, गुडघ्याचा आकडा पहिल्यापासून शेवटपर्यंत सहाच.

"आता का आलीस पोरी? संपलं म्हनलीस ना?"

"येकच इचारायचंय आबा. तेल कुणाकुणाला लावलं? खरं सांगा, कुणी रागं भरनार न्हाई."

आबांनी अंगणाकडं बघितलं. मग तिच्याकडं.

"बैलाला."

"समदं?"

"समदं. फऱ्यात लचकला व्हता गडी, पाय टेकवंना. माजं काय, मी बसून बी खातो. त्येला उभं ऱ्हावं लागतं."

शालननं पेन काढलं. डॉक्टर म्हणाल्या होत्या, सांगतील तेच लिहायचं. तिनं लिहिलं, 'बैलास लावले.' मग जरा थांबून विचारलं, "उतार पडला का?"

"पडला की. पर शून्य ते धा त्येला तूच इचार. माज्याच्यानं व्हायचं न्हाई."

तिनं 'उतार' लिहिलं, खाली तारीख टाकली, भिंतीचा आधार घेऊन उठली. अजून एकशे अकरा घरं होती.