हन्नाबाईंची सतरा तारीख

हन्नाबाई नवगावकर वर्गात शिरल्या की आधी फळ्यावरची तारीख बघायच्या. ज्या तारखेला ज्याचा हजेरीचा नंबर, त्याने उभं राहून धडा वाचायचा, हा त्यांचा नेम. माझा नंबर सतरा. दर महिन्याच्या सोळा तारखेला मला हमखास कणकण यायची.

पुण्याच्या कॅम्पातली आमची शाळा ज्यूंची. मुलं मात्र सगळ्या जातिधर्मांची. बाई बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, मूळ अलिबागकडच्या, पण बोलणं अस्सल पुणेरी. गृहपाठ विसरलेल्याला शांतपणे म्हणायच्या, "राहू द्या हो, आपण कशाला त्रास घेता?"

मला वाचता येत नव्हतं. आठवीत होते, तरीही. अक्षरं सुटी ओळखू यायची, ओळीत आली की नुसता गोंधळ. मग मी मैत्रिणीकडून धडा ऐकून पाठ करायची आणि पुस्तक समोर धरून घडाघडा म्हणायची. घरी सांगायची सोय नव्हती. आजोबांनी बुद्ध धम्म स्वीकारला त्याच वर्षी पप्पांना शाळेत घातलं होतं. पप्पा शिकून सरकारी कचेरीत लागले. आता हडपसरला कॉम्प्युटरच्या कंपन्या येत होत्या, आणि तिथल्या एका खुर्चीवर मीच बसणार, असं ते धरूनच चालले होते.

एका सतरा तारखेला मी अशीच म्हणत सुटले. बाई येऊन शेजारी उभ्या राहिल्या. धडा संपल्यावर हळूच म्हणाल्या, "छान. पुढच्या वेळी निदान पान तरी उलट."

वर्गाला काही कळलं नाही. मी मात्र ओळखलं, बाईंना कळलं. आता पप्पांना कळणार, शाळेतून नाव काढणार, मला मतिमंदांच्या शाळेत घालणार. दोन दिवस मी बाईंना टाळलं. तिसऱ्या दिवशी बाईंनी पप्पांना खरंच बोलावलं.

"मुलगी हुशार आहे," बाई म्हणाल्या. "वाचण्यालिहिण्यापुरती अडचण आहे. डॉक्टर तपासून दाखला देतात. दहावीला लेखनिक मिळेल. तो प्रश्न वाचेल, ही उत्तर सांगेल, तो लिहील."

"म्हणजे सवलत," पप्पा म्हणाले. "बाई, या एका शब्दावरून मी कचेरीत रोज टोमणे खातो. माझ्या मुलीच्या वाट्याला तो नको."

मला वाटलं, आता बाई काहीतरी खोचक बोलणार. पण त्यांचा आवाज उतरला.

"शनिवारी आमच्या देवळात धर्मग्रंथ वाचतात. वाचणारा कितीही विद्वान असो, त्याच्या बाजूला दोघं उभे असतात. अडखळला की हळूच शब्द सांगतात. त्याला आम्ही सवलत म्हणत नाही, साहेब. वाचणाऱ्याला एकटं सोडायचं नाही, एवढंच."

पप्पांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "ही एवढी घाबरते कशाला?"

"मला काय विचारता? ती बसलीय समोर."

पप्पा माझ्याकडे वळले. मी कशीबशी म्हणाले, "तुम्हाला."

 पुढच्याच आठवड्यात पप्पा रजा काढून मला तपासणीला घेऊन गेले.

त्यानंतर शाळा सुटल्यावर बाई माझ्यासोबत बसत. शुक्रवारी नाही, त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत शब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीदिवसाचे, दिवे लावायची घाई. क्रोशाची सुई शब्दाखाली धरून म्हणायच्या, "सावकाश. शब्द कुठे पळून जात नाही." दहावीच्या पहिल्या पेपरला नववीतली लेखनिक मुलगी माझ्यापेक्षा जास्त घाबरली होती. पास झाले. फार नाही, पण माझ्या डोक्याने.

त्याच वर्षी बाई इस्रायलला मुलाकडे कायमच्या निघाल्या. निरोपाला गेले तर खोलीभर बॅगा, आणि मधे बाई नुसत्या बसलेल्या. इतक्या लहान त्या मला कधी वाटल्या नव्हत्या.

"प्रार्थनेपुरती हिब्रू येते गं मला," त्या म्हणाल्या. "रस्त्यावरची पाटी नाही वाचता येत. मुलगा कामावर गेला की मी बस कशी पकडू? या वयात लोक हसतील." मग माझा हात धरून म्हणाल्या, "तू सांग, काय करायचं असतं?"

"शेजारच्याला विचारायचं, बाई."

"आणि लाज वाटली तर?"

"वाटतेच," मी म्हणाले. "तरी विचारायचं."