‘कोंडा मले’ म्हणणारी आत्या

फोन दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी आला. नागपूरच्या कार्यालयात पुरवणीचं पान लावणं सुरू होतं. पलीकडे आतेभाऊ रवी होता. "दादा, आई गेली," एवढंच म्हणून तो थांबला. बातमीदारीच्या सवयीनं तोंडून पहिला प्रश्न निघाला तो ‘कुठं?’ हाच. "बांधीत... म्हणजे धुऱ्यावर. जेवाले डबा सोडून राहिली होती." मागं बायांचे आवाज येत होते आणि कोणीतरी खाट आणायला सांगत होतं.

पार्बता आत्या सहासष्ट वर्षांची होती. आंधळगावपासून चार किलोमीटरवर तिचं सासरचं गाव, तिथं दोन एकर धानाची शेती. त्या दिवशी सकाळी साडेआठला रवीनं तिला मोटारसायकलवरून शेतावर सोडलं. अकरा बायांसोबत तिनं बांधीत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या तुकड्यात, निम्म्यापर्यंत रोवणी केली. जेवणाच्या सुटीत धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसली, शेजारच्या कौसल्याबाईला पाणी मागितलं आणि पाणी हातात येण्याआधी आडवी झाली. डॉक्टरांनी हृदयविकार असं लिहिलं. हे इतकं तपशिलानं सांगण्याला कारण आहे. गावच्या विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, वंदना झाली, लोक जेवायला बसले, आणि भंडाऱ्याहून आलेले एक वयस्कर नातेवाईक सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात रवीला म्हणाले, "लकवा मारलेल्या बाईले चिखलात उतरवता? खाटेवर ठेवली असती त आणखी दहा वर्षं काढली असती." रवीनं मान खाली घातली. त्यानंतर बरेच आठवडे तो त्या बांधीकडे फिरकला नाही. खत टाकायचं कामही त्यानं गड्याकडून करून घेतलं. पंगतीत कोणी काही बोललं नाही, मीही नाही. म्हणून आता लिहितो आहे.

लकवा मारला त्याला येत्या दिवाळीच्या सुमारास पाच वर्षं होतील. सकाळी चुलीपुढं बसलेली आत्या उजव्या अंगावर कलली आणि तिचं बोलणं घोगऱ्या आवाजात विरघळून गेलं. घरच्यांनी पहिले दोन दिवस लकव्याचं औषध देणाऱ्या एका वैदूकडं घालवले, तिसऱ्या दिवशी तिला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. ते दोन दिवस परत मिळाले नाहीत, ही गोष्ट झाकण्यासारखी नाही. दहा दिवसांनी सुटी झाली तेव्हा कार्डावर गोळ्यांच्या खाली शेवटच्या ओळीत ‘फिजिओथेरपी’ असं लिहिलेलं होतं. रवीला ते औषधाचं नाव वाटलं. त्यानं मेडिकलमध्ये कार्ड पुढं केलं, दुकानदारानं पाहिलं आणि सांगितलं, "हे आपल्याकडं येत नाही, भंडाऱ्याले भेटन." असा पाऊण महिना गेला. कोणी फसवलं नव्हतं. व्यायामही औषधासारखा दवाखान्याच्या कागदावर लिहून देतात, हे त्या घरात आजवर कोणाला माहीत असण्याचं कारणच पडलं नव्हतं.

त्या पाऊण महिन्यात आत्याची सेवा मात्र अतोनात झाली. ती वीस वर्षं रोवणीच्या बायांच्या टोळीची पुढारीण होती. कोणाच्या शेतात कोणत्या दिवशी जायचं हे ती ठरवी, आणि रांगेत तिच्या वेगानं बाकीच्या चालत. त्या सगळ्या बाया पाळीपाळीनं येत, भात भरवत, अंग पुसत. बसवायचं झालं की दोघी जणी तिचे दोन हात धरून तिला वर ओढत. उजव्या हातात ताकद नव्हती. ओढलेला खांदा सांध्यात सैल होत गेला आणि दुखू लागला. दुखतो म्हणून कोणी तो हलवेना, हलवेना म्हणून तो आखडला. महिन्याअखेरी आत्याला लकव्यापेक्षा खांद्याचं दुखणं जास्त रडवत होतं. मायेनं झालेली ही इजा होती, आणि आपण काही चुकतो आहोत अशी शंकाही कोणाला आली नाही... मलाही नाही. मी नागपूरहून चाकाची खुर्ची घेऊन गेलो होतो आणि स्वतःवर खूश होतो.

फिजिओथेरपी करणाऱ्या प्रणाली मॅडम त्यानंतर आल्या. त्या पवनीकडच्या, धान करणाऱ्या घरातल्या, तेव्हा तिशीच्या आतबाहेर. मोहाडीला एका खोलीत आठवड्यातून तीन दिवस बसत आणि उरलेल्या दिवशी स्कूटीवरून घरोघरी जात. पहिल्याच दिवशी त्यांनी खाटेवरच्या भिंतीवर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘उजवा हात कोणीही ओढू नये.’ मग बायांना दाखवलं की उठवताना पाठीमागून आणि कमरेला धरायचं, आणि शक्यतो उठवायचंच नाही, तिला उठू द्यायचं. मग त्यांनी आत्याला विचारलं, "मावशी, तुमाले काय करता आलं पायजे?" रवी म्हणाला, हातानं जेवता आलं तरी खूप झालं. सून सुषमा म्हणाली, संडासला जाता आलं पाहिजे. आत्यानं जीभ जुळवायला बराच वेळ घेतला आणि म्हणाली, "रो...वणी." सुषमाला हसू आलं, मग ती पदर तोंडाला लावून आत गेली. प्रणाली मॅडम हसल्या नाहीत. "सोपी नाही मावशी ते. कमरेतून वाकून उलटं चालावं लागते." आत्या वाकड्या तोंडानं त्यांना म्हणाली, "मले... सांगते?"

‘रोवणी’ या एका शब्दावर पुढची सगळी आखणी झाली. रोवणी ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. डाव्या हातात धानाच्या रोपांची पेंडी, उजव्या हाताच्या अंगठ्यानं आणि दोन बोटांनी तीन-चार रोपं सुटी करून चिखलात खोचायची, आणि गुडघाभर चिखलातून एकेक पाय उपसत मागं सरकायचं. प्रणाली मॅडमनी या कामाचे तुकडे केले. खाटेच्या काठावर बसून तोल सांभाळणं. उभं राहून वजन उजव्या पायावर देणं, आधी दोन मोजेपर्यंत, मग पाच, मग दहा. भिंतीला धरून मागं चालणं. आखडलेला खांदा डाव्या हाताच्या आधारानं रोज थोडा थोडा वर नेणं. आणि अंगणात चिखल भरलेलं घमेलं ठेवून त्यात उजव्या हातानं सुतळीचे तुकडे खोचणं. पहिले तीन आठवडे एकही तुकडा उभा राहिला नाही. आत्या घमेल्याला शिव्या देई, मग घमेलं आणणाऱ्या सुनेला, मग मॅडमला. मॅडम म्हणत, "द्या. जीभ बी सुटून राहिली."

दुखण्याबद्दल मॅडमनी तिला एक फरक शिकवला. कामानं अंग ओढल्यासारखं होतं आणि तासाभरात निवतं, त्या दुखण्याला घाबरायचं नाही. सुरी खुपसल्यासारखी कळ आली किंवा दुखणं दुसऱ्या दिवसापर्यंत राहिलं, तर थांबायचं आणि कळवायचं. आत्यानं दोन्ही दुखण्यांना आपल्या भाषेत नावं दिली. पहिलं कुरकुरं, दुसरं मारकं. फोन केला की सांगे, "आज कुरकुरं होतं बाबू. त्याले म्या जेवाले वाढलं नाही." भेटायला येणाऱ्यांपैकी कोणी ‘बिचारी’ म्हटलं की ती म्हणे, "बिचारी असन तुई सासू." जसजशी वाचा सुटत गेली तसतसे भेटायला येणारे कमी झाले. मी नेलेल्या चाकाच्या खुर्चीवर तिनं पहिल्या हिवाळ्यात लाखोळीच्या डाळीचं वाळवण घातलं आणि नंतर ती मॅडमच्या हाती दुसऱ्या कोणासाठी देऊन टाकली. मला विचारलंही नाही.

पहिल्या वर्षी ती चिखलात उतरली नाही. काठी घेऊन शेतापर्यंत गेली, पऱ्ह्याजवळ, म्हणजे रोपवाटिकेच्या तुकड्यापाशी, पाटावर बसली आणि बायांनी उपटलेल्या रोपांच्या पेंड्या बांधत राहिली. बांधलेल्या निम्म्या पेंड्या सुटत. कौसल्याबाई त्या पुन्हा बांधे आणि आत्या तिच्याकडे रागानं बघे. दुसऱ्या वर्षी, मॅडमनी गुडघा आणि घोटा तपासून होकार दिल्यावर, ती बांधीत उतरली. त्या दिवशी मी धुऱ्यावर होतो.

रोवणीच्या रांगेत एक जुनी रीत आहे. जी बाई मागं पडते तिच्या दोन्ही बाजूंच्या बाया आपापली पट्टी रोवत पुढं निघून जातात. मग तिच्या तिन्ही बाजूंना रोवलेलं धान होतं आणि ती मधल्या अरुंद पट्टीत अडकते. याला कोंडणं म्हणतात. कोंडलेल्या बाईची दिवसभर टिंगल होते, आणि पुढारीण असताना आत्यानं निम्म्या गावाला कोंडलेलं होतं. त्या सकाळी मात्र दहा मिनिटांतच वेगळं काहीतरी दिसू लागलं. आत्या एक पाय उपसायला इतर बायांच्या तिप्पट वेळ घेत होती आणि तरीही रांग सरळ होती. बाया हात सावकाश चालवत होत्या. कोणी पदर सावरत होतं, कोणी पेंडी उगाच सोडून पुन्हा धरत होतं. आत्यानं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं आणि चिखलात डावा हात टेकून सरळ झाली.

"कायले थांबून राहिल्या वो?"

कौसल्याबाई पुटपुटली, "आज घाई नाही बाई."

"माया घरी मयत झाली काय? कोंडा मले. बाकीच्यायले कोंडता, अना मले कायले नाही?"

मग कौसल्याबाईनं मान खाली घातली आणि तिचे हात पूर्वीच्या वेगानं चालू लागले. पलीकडच्या बाईचेही. पंधरा-वीस मिनिटांत पार्बता आत्या कोंडली गेली. दोन्हीकडं हिरव्या पट्ट्या, मध्ये ती एकटी, उजवा पाय पोटरीपर्यंत रुतलेला. "पुढारीणबाई, चहा पाठवू काय तिथं?" असं कोणीतरी ओरडलं आणि सगळी बांधी हसली. आत्याही हसली. आजारपणानंतर तिचं तोंड दोन्ही बाजूंनी हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पट्टी पूर्ण करून बाहेर यायला तिला पुढचा सव्वा तास लागला. मदतीला कोणी गेलं नाही.

त्यानंतरच्या दोन वर्षांत ती रोज अर्धा दिवस काम करी. उजवा पाय शेवटपर्यंत थोडा ओढतच राहिला. सुईत दोरा ओवता आला नाही. उजवा हात कानापर्यंत पोचला, त्याच्या वर गेला नाही. ती बरी झाली असं मॅडमनी कधीच म्हटलं नाही, आत्यानंही नाही. ती व्यायाम रोज करी, आणि ज्या दिवशी टाळे त्या दिवशी विचारल्याशिवाय सांगून टाके. आजूबाजूच्या गावांत कोणाला लकवा मारला की ती रवीला घेऊन जाई आणि बाजेवरच्या माणसाशी बोलण्याआधी उठवणाऱ्यांना दटावी, हात ओढू नका म्हणून.

आता त्या पंगतीतल्या वाक्याकडं वळतो. मी प्रणाली मॅडमना थेट विचारलं की काम केल्यानं आत्या गेली का. त्या म्हणाल्या, "कामानं गेल्या असं मला म्हणता येणार नाही. आणि घरी राहिल्या असत्या तर वाचल्या असत्या असंही म्हणता येणार नाही. लकव्यानंतर हृदयाचा धोका राहतोच, तो खाटेवरही राहतो." यापलीकडं कोणालाच काही ठाऊक नाही, भंडाऱ्याच्या नातेवाइकांनाही नाही. ठाऊक आहे ते एवढंच. ज्या बाईला खाटेवर दहा वर्षं देऊ केली जात होती, तिनं ती घेतली नाहीत. तिनं पेंड्या बांधण्याचं एक वर्ष घेतलं, चिखलातल्या तीन रोवण्या घेतल्या आणि चौथी अर्धी घेतली. हा हिशेब तिचा होता. रवीनं तिला शेतावर सोडलं, कारण तिनं सोडायला सांगितलं. मुलानं आईचं ऐकलं, यात त्याच्यावर ठेवण्यासारखा दोष मला दिसत नाही.

आत्या गेल्यावर तिसऱ्या दिवशी बाया उरलेली बांधी पूर्ण करायला गेल्या. रवीनं निरोप धाडला होता की आईनं लावलेली पट्टी उपटून नव्यानं रोवा. तिची रोपं ओळीत नव्हती, उजवीकडं कलत गेलेली होती, काही वर तरंगत होती. कौसल्याबाईनं तरंगणारी तेवढी खोचली आणि रवीला उलट निरोप दिला. "धान जगून राहिलं. उपटाचं असन त सोता येऊन उपट म्हणावं."

गेल्या रविवारी मी गावी गेलो. धान मांडीपर्यंत आलं होतं. रवी चहा पिऊन उठला आणि शेताकडं निघाला. मी त्याच्या मागं गेलो. धुऱ्यावर चपला काढून तो बांधीत उतरला. बाकी ओळी सरळ होत्या, त्यांच्यात ती एक पट्टी अजून वेगळी दिसत होती. तो वाकला आणि तिथलं तण काढू लागला. एका टोकापासून सुरुवात करून निम्म्या बांधीपर्यंत गेला आणि जिथून पुढच्या ओळी सरळ होत्या तिथं थांबला. कंबर सरळ करून त्यानं हातातलं तण धुऱ्यावर फेकलं.

"इथपर्यंत आली होती आई," तो म्हणाला.